मासळीतील पारा

अन्न पारखण्याची विद्या मनुष्य शाळेत जाऊन शिकलेला नाही. ती त्याच्या डोळ्यांत, नाकात आणि बोटांच्या टोकांत वसत आलेली आहे. मासळीबाजारात गेलेली गृहिणी माशाचे कल्ले उघडून त्यांची लाली पाहते, डोळा स्वच्छ आहे की गढूळ झाला आहे हे न्याहाळते, पाठीवर बोट दाबून मांस परत वर येते की नाही याची खात्री करून घेते. मटणाच्या दुकानी रंग आणि वास पाहिल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहिले जातात. पिढ्यान्‌पिढ्या ह्या साध्या परीक्षांनी घरादाराचे रक्षण केले. कारण नासलेले अन्न आपला नासकेपणा फार काळ लपवू शकत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास जपानातील एका लहानशा गावी घरोघर असे अन्न शिजले की, जे ह्या सर्व परीक्षांत निर्दोष ठरले होते. मासळी ताजी होती, तिची चव उत्तम होती आणि ती पकडणाऱ्यांनीच ती घरी नेली होती. त्याच मासळीने हजारो माणसांची मज्जासंस्था कायमची मोडून टाकली.

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या कुमामोतो प्रांतात, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे गाव वसलेले आहे. समोर बेटांची रांग असल्यामुळे हा समुद्र तळ्यासारखा शांत असतो, आणि म्हणूनच माशांना तो मानवतो. किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांच्या तिन्ही त्रिकाळ जेवणात मासळी असे. हाती पैसा नसला आणि तांदूळ संपला, तरी समुद्र पाठीशी होता. ह्याच गावी १९०८ साली एक रासायनिक कारखाना उभा राहिला. पुढे तो चिस्सो ह्या नावाने प्रसिद्धीस आला. गावातील पुष्कळ माणसे त्याच्या पगारावर जगू लागली आणि गावाचा मोठेपणा कारखान्याच्या मोठेपणाबरोबर वाढत गेला. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड हे द्रव्य तयार होऊ लागले. प्लॅस्टिकसारख्या अनेक पदार्थांच्या निर्मितीत हे द्रव्य लागते. ते बनविण्याच्या क्रियेस वेग यावा म्हणून त्या काळी पाऱ्याचा एक क्षार वापरीत. त्यातील काही पाऱ्याचे रूपांतर त्याच पात्रात मेथिल पारा ह्या सेंद्रिय संयुगात होई, आणि सांडपाण्याबरोबर ते संयुग बंदरात वाहून जाई.

पहिली सूचना माणसांकडून आली नाही, मांजरांकडून आली. १९५० नंतरच्या काही वर्षांत कोळीवस्तीतील मांजरे विचित्र वागू लागली. ती लटपटत, गरगर फिरत, झटके येऊन पडत आणि मरत. लोकांनी ह्या व्याधीला मांजरांचे नाचणे म्हणावयास सुरुवात केली. पाण्यावर मेलेले मासे तरंगू लागले. उडते कावळे खाली पडू लागले. मांजर आणि कावळा हे दोघेही कोळ्याच्या उष्ट्या मासळीचे वाटेकरी होत, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

२१ एप्रिल १९५६ रोजी कारखान्याच्या रुग्णालयात एका पाच वर्षांच्या मुलीस आणण्यात आले. तिला नीट चालता येईना, बोलणे अडखळू लागले होते आणि झटके येत होते. थोड्याच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीस तीच व्याधी जडली. शेजारच्या घरांतही असेच रोगी आढळले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे रोजी सरकारी आरोग्यकेंद्रास कळविले की, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग गावात उद्भवला आहे. प्रौढांमध्येही त्याची लक्षणे ठरलेली होती. प्रथम ओठ आणि हातापायांची बोटे बधिर होत. मग दृष्टीचे क्षेत्र आकसून नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागे. चाल डळमळे, वाचा जड होई, ऐकू येईनासे होई. पुष्कळ रोगी अखेरीस तडफडून मेले. आरंभी हा रोग साथीचा असावा असे वाटून रोग्यांना वेगळे ठेवण्यात आले आणि त्यांची घरे जंतुनाशकांनी धुण्यात आली. रोग सांसर्गिक नाही हे पुढे सिद्ध झाले. परंतु त्या कुटुंबांवर पडलेली बहिष्काराची छाया मात्र दीर्घकाळ हटली नाही.

कुमामोतो विद्यापीठातील वैद्यकीय तज्ज्ञांनी तपास हाती घेतला. नोव्हेंबर १९५६ मध्येच, म्हणजे रोग उघडकीस आल्यापासून सुमारे सहा महिन्यांत, त्यांनी आपला प्राथमिक निष्कर्ष सांगितला. हा संसर्ग नव्हे. ही कोणत्या तरी जड धातूची विषबाधा असावी, आणि ते विष मुख्यतः मासे व शिंपले यांच्या वाटेने शरीरात जात असावे. दुसऱ्या वर्षी मिनामाता आरोग्यकेंद्राचे प्रमुख हासुओ इतो यांनी निरोगी मांजरांना त्या उपसागरातील मासळी खाऊ घालून पाहिली. मांजरे त्याच रोगाने आजारी पडली. धातू कोणता, हे अजून कळावयाचे होते. परंतु विष ताटात कोणत्या पदार्थातून येते, हे कळून चुकले होते.

ह्यानंतर जे घडले, त्यातच ह्या कथेचे मर्म आहे. अन्नाच्या शुद्धतेसंबंधीचा कायदा लावून उपसागरातील मासळीची विक्री थांबवावी काय, अशी पृच्छा कुमामोतोच्या प्रांतिक सरकारने मध्यवर्ती आरोग्यखात्याकडे केली. सप्टेंबर १९५७ मध्ये उत्तर आले. त्या उपसागरातील सर्वच मासे आणि शिंपले विषारी झाले आहेत असा स्पष्ट पुरावा उपलब्ध नाही. सबब तो कायदा तेथे लावता येणार नाही, असा त्याचा आशय होता. लोकांनी ती मासळी आपण होऊन टाळावी, एवढ्या सल्ल्यावर सर्व गोष्ट राहिली. एखाद्या लग्नघरी जेवून उठलेली माणसे आजारी पडली, तर विष भातात होते, वरणात होते की बासुंदीत होते ह्याचा निर्णय लागेपर्यंत कोणी दुसरी पंगत बसवीत नाही. मिनामाता येथे मात्र पंगतीमागून पंगती उठत राहिल्या. आणि त्या पंगतीस बसले कोण? ज्यांची मासळी आता बाजारात कोणी घेईना, आणि म्हणून ज्यांना तीच घरी शिजवून खाणे भाग पडले, ते कोळी.

धातूचा शोध आणखी दोन वर्षे चालला. मँगॅनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेक नावे पुढे आली आणि मागे पडली. इंग्लंडमध्ये बियाण्यांवर लावावयाचे पारायुक्त औषध तयार करणाऱ्या कामगारांना झालेल्या विषबाधेचे वर्णन हंटर, बॉमफर्ड आणि रसेल ह्या तिघा वैद्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेले होते. मिनामाताच्या रोग्यांची लक्षणे त्या वर्णनाशी तंतोतंत जुळली. जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी सेंद्रिय पारा हेच कारण असल्याचे जाहीर केले. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी साचलेल्या गाळात दर टनास दोन किलोग्रॅमपर्यंत पारा आढळला. इकडे कारखान्याने सप्टेंबर १९५८ मध्ये आपले सांडपाणी बंदराऐवजी मिनामाता नदीच्या मुखाशी सोडण्यास आरंभ केला होता. परिणाम असा झाला की, एका उपसागरापुरता असलेला रोग शिरानुई समुद्राच्या दूरदूरच्या किनाऱ्यांवर जाऊन पोहोचला.

डॉ. होसोकावा यांनी त्याच सुमारास आपल्या रुग्णालयात एक प्रयोग चालविला होता. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून ते एका मांजराला रोज देत. प्रयोगवहीत ह्या मांजराचा क्रमांक ४०० असा होता. ऑक्टोबर १९५९ मध्ये हे मांजर लटपटू लागले. कारखान्याच्या चालकांना हे कळविण्यात आले, तेव्हा प्रयोग पुढे चालवू नये अशी त्यांना आज्ञा झाली आणि निष्कर्ष कपाटात राहिला. बाहेर मात्र निराळीच मते मांडली जात होती. युद्धकाळात समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्यामुळे हा रोग झाला, असे एक मत रसायन-उद्योगाच्या संघटनेकडून पुढे आले. नासक्या माशांतील द्रव्यांमुळे तो होतो, असे दुसरे. प्रत्येक नव्या मताबरोबर संशयाचे धुके थोडे अधिक दाट होई आणि निर्णय थोडा अधिक लांबे.

नोव्हेंबर १९५९ मध्ये आरोग्यखात्याच्याच सल्लागार मंडळाने सेंद्रिय पाऱ्याचे कारण मान्य करणारा अहवाल दिला. दुसऱ्याच दिवशी मिनामाताच्या प्रश्नासाठी नेमलेली त्याची उपसमिती विसर्जित करण्यात आली. डिसेंबरात कारखान्याने सांडपाणी शुद्ध करणारे एक यंत्र मोठ्या समारंभाने बसविले. त्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसे. परंतु पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पारा काढून टाकण्यास ते समर्थ नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस रोग्यांच्या कुटुंबांशी एक करार झाला. मृतासाठी ३ लाख येन, प्रौढ रोग्यास वर्षाला १ लाख आणि मुलास ३० हजार अशी रक्कम सहानुभूती म्हणून ठरली. पुढे कारखान्याचे सांडपाणी हेच कारण ठरले, तरी अधिक काही मागता येणार नाही, असे त्यात एक कलम होते. दारिद्र्याने आणि आजाराने गांजलेल्या माणसांनी त्यावर सह्या केल्या. प्रश्न मिटला असे सर्वांनी मानले. विषाचा प्रवाह मात्र वाहतच राहिला.

हे विष इतके घातक का ठरावे, हे समजून घेण्यासाठी पाऱ्याचा प्रवास पाहिला पाहिजे. समुद्राच्या पाण्यात त्याचे प्रमाण अत्यल्प असते. ते पाणी कोणी प्याले असते, तरी त्याला काही झाले नसते. परंतु पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व जीव तो आपल्या शरीरात साठवितात. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात, आणि प्रत्येक पायरीवर पाऱ्याचे प्रमाण वाढत जाते. पाण्यात होते त्याच्या लाखो पट विष अखेरीस मोठ्या माशाच्या मांसात जमा होते. मेथिल पारा तेथे चरबीत राहत नाही. मांसातील प्रथिनांत जे गंधकयुक्त घटक असतात, त्यांनाच तो घट्ट चिकटून बसतो. त्यामुळे कातडी सोलली, तेल काढले, धुतले, मीठ लावून वाळविले, उकडले अथवा तळले, तरी तो जात नाही. जंतू अग्नीने मरतात. धातूला मरण नाही. मनुष्याच्या पोटात गेलेला मेथिल पारा जवळजवळ सर्वच्या सर्व रक्तात शोषला जातो आणि शरीराला उपयुक्त अशा एका घटकाचे सोंग घेऊन मेंदूत प्रवेश करतो. शरीरातून त्याचा अर्धा भाग बाहेर पडण्यास सुमारे सत्तर दिवस लागतात. तळाशी बारीक छिद्र असलेल्या रांजणात रोज घागरीने पाणी ओतावे, तशी रोज मासळी खाणाऱ्याची स्थिती होते. गळते थोडे, भरते फार.

ह्या विषाचा सर्वांत क्रूर आघात अद्याप जगात न आलेल्यांवर झाला. रोगग्रस्त वस्त्यांत जन्मलेली काही मुले जन्मतःच पंगू होती. त्यांना मान सावरता येत नसे, बोलता येत नसे. त्यांनी तर मासळी कधी तोंडातही घातली नव्हती, आणि त्यांच्या आयांना पुष्कळदा फारशी लक्षणे नव्हती. गर्भवेष्टन बाहेरच्या विषापासून गर्भाचे रक्षण करते, असा वैद्यकाचा तोवरचा समज होता. १९६२ साली ह्या मुलांचा रोग तोच असल्याचे मान्य झाले, तेव्हा त्या समजाला तडा गेला. मातेच्या शरीरातील विष गर्भ आपल्याकडे ओढून घेत होता. जपानी घरांत बाळाची सुकलेली नाळ लहानशा पेटीत जपून ठेवण्याची चाल आहे. डॉ. मासाझुमी हारादा प्रभृती संशोधकांनी पुढे अशा नाळा मिळवून त्यांतील पारा मोजला. कोणत्या वर्षी विषाचा जोर किती होता, ह्याचा इतिहास त्या नाळांनी सांगितला. कारखान्याच्या कपाटांत जे दडले होते, ते आयांनी जपलेल्या पेट्यांतून बाहेर आले.

१९६५ साली जपानच्या दुसऱ्या टोकास, निइगाता प्रांतातील आगानो नदीच्या काठी, तोच रोग उद्भवला. तेथेही ॲसिटाल्डिहाइडचाच कारखाना होता. पहिल्या गावाच्या दुःखातून धडा घेतला असता, तर दुसऱ्या गावावर ही पाळी येती ना. मे १९६८ मध्ये मिनामाताच्या कारखान्याने पाऱ्याची जुनी पद्धत बंद केली. आणि त्यानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर १९६८ मध्ये, सरकारने रोगाचे कारण अधिकृतरीत्या मान्य केले. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मराठी असली तरी तिचा प्रत्यय तेथे आला. १९७० साली डॉ. होसोकावा यांनी रुग्णशय्येवरून न्यायालयासाठी साक्ष दिली आणि मांजर क्रमांक ४०० ची हकीकत उघड केली. त्याच वर्षी ते मृत्यू पावले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने रोग्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सहानुभूतीचा तो करार नीतिबाह्य म्हणून रद्द ठरविला.

मिनामाता हे एकटे उदाहरण नाही. १९७१ च्या अखेरीस इराकमध्ये परदेशातून पेरणीसाठी गहू व जव आणण्यात आले. बुरशी लागू नये म्हणून त्या बियाण्यास मेथिल पाऱ्याचे औषध लावलेले होते आणि धोक्याची खूण म्हणून ते रंगविले होते. पोत्यांवरील इशारे स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत होते. अनेक ठिकाणी पेरणीचा हंगाम टळून गेल्यावर ते शेतकऱ्यांच्या हाती पडले. त्यांनी आपल्या परीने सावधगिरी घेतली होती. काहींनी धान्य धुतले. रंग गेला तसे विषही गेले असे त्यांना वाटले. काहींनी ते प्रथम कोंबड्यांना घातले. काही दिवस कोंबड्यांना काही झाले नाही, म्हणून त्याच्या भाकरी भाजल्या. परंतु हे विष आठवडे लोटल्यावर आपले रूप दाखविते. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतील ४५९ दगावली. अडाणीपणाचा दोष त्या शेतकऱ्यांना देणे सोपे आहे. वस्तुतः त्यांनी शहाण्या गृहस्थाप्रमाणे परीक्षा घेतली होती. परीक्षाच ह्या विषापुढे तोकडी होती.

अन्य धातूंच्या तऱ्हा निराळ्या असल्या, तरी स्वभाव एकच. जपानच्याच तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी खाणीतून आलेले कॅडमियम भातशेतीत उतरले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे ठिसूळ झाली आणि साध्या खोकल्यानेही मोडू लागली. रोग्यांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’ असे नाव पडले. चरणाऱ्या जनावराच्या देहात हाच धातू यकृतात आणि त्याहून अधिक मूत्रपिंडात साठतो. म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत गाय, मेंढी, डुक्कर व कोंबडी यांच्या मांसात किलोस ०.०५ मिलिग्रॅम, यकृतात ०.५ आणि मूत्रपिंडात १ मिलिग्रॅम अशी कॅडमियमची मर्यादा घातलेली आहे. शिसे हाडांत जाऊन बसते. टाकून दिलेल्या बॅटऱ्या चाटणाऱ्या गुरांच्या शरीरात ते शिरते, आणि तेथून त्याची वाट दुधाकडे व मांसाकडे जाते.

मग माणसाने खावे तरी काय, असा प्रश्न सहज मनात येतो. मासळी सोडून देणे हे त्याचे उत्तर नव्हे. किनाऱ्यावरील गोरगरिबांच्या आहारात तिच्याइतके सकस अन्न दुसरे नाही. मात्र पाऱ्याच्या प्रवासातून एक व्यावहारिक विवेक निघतो. तारली, बांगडा, मांदेली अशा लहान व अल्पायुषी माशांत पारा कमी साठतो. मुशी, तलवारमासा, मोठा कुपा अशा दीर्घकाळ जगणाऱ्या व इतर मासे खाऊन वाढणाऱ्या माशांत तो अधिक असतो. म्हणूनच गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांनी असे मोठे शिकारी मासे टाळावेत, असा सल्ला अनेक देशांतील आरोग्यसंस्था देतात. भारतात अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांनी अन्नातील पारा, शिसे, कॅडमियम व सोमल यांना मर्यादा घातल्या आहेत. २०१३ साली पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मिनामाता हेच नाव देण्यात आले, आणि २०१८ साली भारताने त्यास संमती दिली.

परंतु नियमांचे बळ ते पाळविणाऱ्यांच्या निश्चयाइतकेच असते. जपानपाशी कायदा १९५७ सालीही होता. लावला गेला नाही. शंभर टक्के पुरावा मिळेपर्यंत थांबणे ही वरवर पाहता मोठी विवेकाची गोष्ट दिसते. पण थांबण्याच्या त्या काळात संशयाची किंमत कोणी मोजावयाची, हा खरा प्रश्न आहे. मिनामाता येथे ती कारखान्याने मोजली नाही, खात्यानेही मोजली नाही. ती जेवणाऱ्याने मोजली. ज्याच्यापाशी प्रयोगशाळा नाही, ज्याच्या डोळ्यांना, नाकाला आणि जिभेला हे विष कळणे शक्य नाही, त्याच्यावरच परीक्षेचा भार टाकला गेला. गृहिणी कल्ले पाहू शकते. मांसातील दशलक्षांश भाग पाहू शकत नाही. तो पाहण्याची साधने ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी वेळीच पाहिले पाहिजे, पाहिलेले सांगितले पाहिजे, आणि शंका दृढ होताच नळाचे तोंड बंद केले पाहिजे.

मिनामाताच्या उपसागरातील विषारी गाळ काढून व बुजवून १९९० पर्यंत तेथे ५८ हेक्टर नवी जमीन तयार करण्यात आली. १९९७ साली तेथील मासळी निर्धोक असल्याचे घोषित होऊन उपसागराच्या तोंडाशी लावलेले जाळे काढण्यात आले. अधिकृतरीत्या मान्य झालेल्या रोग्यांची संख्या, निइगाता धरून, सुमारे तीन हजार आहे. मान्यतेसाठी न्यायालयाची पायरी चढणारे ह्याहून कितीतरी अधिक. २०२३ साली ओसाकाच्या न्यायालयाने अशा १२८ जणांच्या बाजूने निकाल दिला. समुद्र चाळीस वर्षांत निवळला. आईच्या उदरात असताना ज्यांना विष मिळाले, ती मुले मात्र आज सत्तरीच्या घरात आली आहेत आणि त्यांना भरविणाऱ्या आयांचे हात एकामागून एक निघून गेले आहेत.